देवाच्या घोड्याचे मागचे पाय

तमाम भाऊबंद, पै-पाहुणे, सोयरे-धायरे आणि आप्तेष्ट यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, पलूसजवळच्या आमच्या घरातील देवाच्या घोड्याचे मागील दोन्ही पाय आज सकाळी न्याहारीच्या सुमारास निखळून पडले असून, देव सुखरूप आहेत, देवाचा कुत्रा सुखरूप आहे, आणि गुन्हेगार सोप्यात जाजमावर बसून चहा पीत आहे.

हे निवेदन मी मनातल्या मनात तयार केलं होतं. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून ते वाचून दाखवायची माझी फार इच्छा होती, आवाजही बरा आहे माझा. पण गुन्हेगार म्हणजे प्रत्यक्ष माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणते. फौजेतून सुभेदार होऊन परत आलेला हा माणूस उभ्या आयुष्यात कुणापुढे वाकला नसेल, त्यानं त्या दिवशी मला हात जोडले आणि म्हणाला, "सूनबाई, तुज्या आत्याला कळता कामा न्हाई."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्या सांगलीला माझ्या नणंदेकडे होत्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. आणि खरी गोम तिथंच होती. पण त्याआधी देवाची ओळख करून द्यायला हवी.

आमच्या सोप्याच्या, म्हणजे घरात शिरल्यावरच्या पहिल्या खोलीच्या, दारावर, चौकटीच्या वरच्या बाजूला, रंगीत काचेचं एक चित्र बसवलेलं आहे. काचेचे लहानमोठे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडून केलेलं. पांढरा घोडा, त्यावर लाल अंगरख्याचा स्वार, हातात काहीतरी उगारलेलं, घोड्याच्या पायाशी कुत्रा. माझ्या आजेसासऱ्यांनी ते पाचगणीहून आणलं. तिथं एका साहेबाचा जुना बंगला पाडत होते, हे सागवानी दारं घ्यायला गेले, आणि दारांबरोबर हे वर टाकून मिळालं. घोडा आहे, कुत्रा आहे, स्वार आहे, म्हटल्यावर आमच्या घरात कुणाला तो कोण असा प्रश्न पडणार? खंडोबा. दार पूर्वेला, त्यामुळे सकाळी ऊन आत आलं की देव पेटून उठायचा आणि त्याच्या अंगरख्याचा लाल रंग सोप्यातल्या फरशीवर सांडायचा. आत्या लग्न होऊन आल्या त्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळी त्यांनी तो पाहिला आणि पदर पसरून खाली बसल्या. तेव्हापासून रोज सकाळी आंघोळ करून त्या दारासमोर उभ्या राहत आणि चिमूटभर भंडारा वर उधळत. तो काचेवर बसायचा, त्यावर समईची काजळी, उदबत्तीचा धूर. देव हळूहळू पिवळा झाला, मग तपकिरी.

त्यातच आत्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. मामांनी आणि पोरांनी किती समजावलं, पण सुई, कातर, डॉक्टर हे शब्द काढले की त्या गोठ्यातल्या म्हशींना वैरण घालायला जायच्या. घास तोंडाला सापडतोय तोवर डोळे बरे आहेत, असं त्यांचं म्हणणं. एक दिवस सकाळी भंडारा हातात घेऊन उभ्या राहिल्या, बराच वेळ वर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "देव दिसंना गं." दुसऱ्या दिवशी आपण होऊन पिशवी भरून तयार. जाताना मामांना बजावून गेल्या, "मला देवाला नीट बघायचंय. दुसरं काय बघायचं ऱ्हायलं न्हाई." मामा त्यांच्या शेजारीच उभे होते.

आता गुन्हा. मी साताऱ्याहून चार दिवस राहायला आले होते, मामांचं जेवणखाण बघायला. उन्हाळा होता, कुरडया घातल्या होत्या. राखणीला मामा. वानरांची एक टोळी आली आणि त्यातलं एक दांडगं वानर कुरडई उचलून दारावरच्या छज्ज्यावर जाऊन बसलं, अगदी पाहुण्यासारखं मांडी घालून. मामांनी आढ्याला खोचलेली गोफण काढली. ती आत्यांनीच तिथं खोचून ठेवली होती, कारण मागं एकदा पाखरं हाकलताना मामांनी शेजारच्यांची पाण्याची टाकी फोडली होती. अंगणात गोफण फिरवायची नाही, असा घरचा कायदाच होता. पण कायदा सांगलीला होता.

"मामा, नको," मी म्हटलं.

"आगं, फौजेत ह्याच्या निम्म्या आकाराची निशाणं उडवल्यात."

गोफण फिरली. दगड सुटला. वानर जरासं डावीकडे सरकलं. मग आतून जो आवाज आला, तो मी जन्मात विसरणार नाही, कारण तो फारच गोड होता. वानरानं कुरडई संपवली, आमच्याकडे एकदा बघितलं आणि निघून गेलं.

आम्ही आत गेलो. फरशीवर घोड्याचे पाय पडले होते.

पुढचा एक दिवस मामांनी स्वतः दुरुस्ती करण्यात घालवला. दुकानात मिळते ती झटपट चिकटवायची ट्यूब आणली. संध्याकाळी बघते तर घोड्याचा एक खूर कुत्र्याच्या कानाला चिकटला होता आणि दुसरा मामांच्या अंगठ्याला. तो अंगठ्यावरचा खूर गरम पाण्यात भिजवून सोडवायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मी पोटभर हसून घेतलं. मग आम्ही पलूसला काचवाल्याकडे गेलो. त्यानं मोबाइलवरचा फोटो उभा धरला, आडवा धरला आणि म्हणाला, "काढून टाका ह्ये. ॲल्युमिनियमचं स्लायडिंग बसवतो. वारा बी यील." मामांनी त्याच्या हातातला मोबाइल परत घेतला. गाडीत बसल्यावर म्हणाले, "देवाला स्लायडिंग."

मला तेव्हा साताऱ्यातल्या एक बाई आठवल्या. पाचगणीच्या शाळांच्या आणि जुन्या चर्चच्या रंगीत खिडक्या दुरुस्त करणाऱ्या. फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "तुकडे धुतले नाहीत ना?"

"नाही."

"काही चिकटवलं नाही ना?"

मी मामांकडे बघितलं. मामा अंगठा चोळत होते. "थोडंसं," मी म्हटलं.

पलीकडून जो सुस्कारा आला तो पलूसपासून साताऱ्यापर्यंत पसरेल एवढा लांब होता.

काचेची सगळी चौकट उतरवली, वाकळेत गुंडाळली, जीपमध्ये मागं उभी बांधली. फुटके तुकडे पितळी डब्यात घालून मामांनी तो डबा साताऱ्यापर्यंत मांडीवर धरला. खड्डा आला की डबा खुळखुळायचा आणि मामा डोळे मिटायचे. दारावर रिकाम्या जागी मी चादर लावून आले होते. शेजारणीनं विचारलं तर "देव रंगवायला दिलाय" म्हणायचं ठरलं होतं. पुढं जे कळलं ते बघता, रंगवण्याबद्दल मी भलतंच खरं बोलून गेले होते.

बाईंचं दुकान म्हणजे एक जुनी पिठाची गिरणी. आत चक्कीच्या जागी लांबलचक टेबल, खालून दिवे लावलेलं. बाई माझ्याच वयाच्या, चष्मा दोरीनं गळ्यात, आणि सतत भाजलेल्या शेंगा फोडून खाणाऱ्या. त्यांनी चौकट टेबलावर निजवली, वर पातळ कागद ठेवला आणि पेन्सिल आडवी घासून सगळ्या चित्राचा ठसा कागदावर उठवला. मग प्रत्येक तुकड्याला आकडा. मामांच्या डब्यातले तुकडे त्या कागदावर जागच्या जागी ठेवत गेल्या. एक मांडीचा तुकडा मात्र चुरा होऊन गेला होता. "तो नवीन कापीन," बाई म्हणाल्या. "रंग जुळवीन, खूर पुन्हा रंगवून भट्टीत भाजीन. शिसं सगळं बदलावं लागेल, जुनं कुजलंय. आणि हे पिवळं काय आहे सगळीकडे?"

"भंडारा," मामा म्हणाले.

"भंडारा? फॉक्सहंटवर?"

मामा एकदम खोकायला लागले. मला वाटलं शेंगांचं फोलपट घशात गेलं.

त्या आठवड्यात रोज संध्याकाळी सांगलीहून आत्यांचा फोन यायचा. एका डोळ्याचं झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. मामा फोन स्पीकरवर ठेवून ताठ बसायचे, जसं काही कोर्टात उभं केलंय.

"उदबत्ती लावली का देवाला?"

"लावली."

"भंडारा?"

"उधळला की."

"कुणाकडं बघून उधळला?"

मामांना घाम. "आगं, देवाकडंच बघून. आनी कुणाकडं बघू?"

"आवाज का आसा येतोय तुमचा? पोरीला सांगते, व्हिडिओ लावा. एका डोळ्यानं तरी दर्शन घेते."

"हितं रेंज न्हाई."

"मग ह्यो फोन काय गोफणीनं लागला व्हय?"

मामांच्या हातातली बशी पडली. मी तोंडात पदर कोंबून परसात पळाले. आत्यांना काही कळलं नव्हतं, त्या सहज बोलून गेल्या होत्या. पण मामा रात्री जेवले नाहीत.

मग एका सकाळी बाईंचा फोन. "तुमच्या घोडेस्वाराबद्दल बोलायचंय. समोरासमोर."

आम्ही परत साताऱ्याला. टेबलाखालचे दिवे लागले होते आणि घोडा असा उजळला होता की मी माझ्या लग्नापासून बघत आलेला घोडा तो हाच, हे पटेना. पांढराशुभ्र, नाकपुड्या फुगवलेला, मागचे पाय जोडून पुन्हा उड्डाणाला तयार. अंगरखा डाळिंबाच्या दाण्यासारखा. मी वाकून खुरापासून बघत वर वर गेले आणि चेहऱ्यापाशी थांबले. देवाला अर्धीच मिशी होती.

"म्हणून बोलावलं," बाई म्हणाल्या. शेंगा आज टेबलावर नव्हत्या. "काचेवरचा खरा रंग भट्टीत भाजलेला असतो, तो पुसून जात नाही. मी कापसाच्या बोळ्यानं नुसतं कडेला तपासत होते, तर मिशी बोळ्यावर आली. मिशी तैलरंगाची आहे. नंतर कुणीतरी रंगवलेली. डोक्यावरचे पागोट्याचे वेढेसुद्धा. खाली शिकारीची टोपी आहे. हा तुमचा खंडोबा नाही हो. हा कुणीतरी इंग्रज आहे, कोल्ह्याच्या शिकारीला निघालेला. फॉक्सहंट म्हणाले होते ना मी, तेच. मी इथंच थांबले. ही मिशीसुद्धा आता जुनी झालीय, तुमच्या घराची आहे ती. ठेवायची की पुसायची, तुम्ही सांगा."

मी मामांकडे वळले. मला वाटलं, आता आकाश कोसळेल. मामा स्टुलावर बसले आणि शांतपणे म्हणाले, "पेंटर बैलगाड्या रंगवायचा. नावं-बिवं घालायचा गाड्यावर. आमच्या वडलांनी त्याला बोलावून घेतला. मी तवा शाळंत हुतो. वडील म्हनले, साहेब हाय खरा, पर घोडा आन कुत्रं झकास हाय, वाया कशाला घालवायचं. ह्याला मिशी लाव."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"सांगायचं राहून गेलं गं."

"इतकी वर्षं?"

"ती आली, आन दुसऱ्या दिवशी पदर पसरून खाली बसली. नवी नवरी. तिला काय सांगू, ह्यो साहेब हाय म्हनून? म्हनलं उद्या सांगू. मग माजी रजा संपली."

फौजेतल्या माणसाचं लग्न असंच. सांगायच्या गोष्टी सगळ्या पुढच्या रजेवर जातात.

मग चर्चा सुरू झाली. मामांनी आधी बाईंना साधं सरळ सांगून बघितलं, "तेवढी गेलेली निम्मी मिशी परत काढून द्या."

"मी काचेवर मिशा काढत नाही."

"आवं, खूर काढलासा की."

"खूर त्याचाच होता."

"मग हाय तशी निम्मी ठेवा."

"अर्ध्या मिशीचा देव कुठं असतो, मामा?" मी म्हटलं.

"आर्ध्या मिशीचा साहेब तरी कुठं आसतो?"

यावर बाई इतक्या हसल्या की गळ्यातला चष्मा टेबलावर आपटला. मीही हसले. मामा मात्र त्या निम्म्या मिशीकडे बघत राहिले. काचेतून आलेला लाल उजेड त्यांच्या गालावर पडला होता. मग म्हणाले, "पुसा समदं. ती डोळं चिरून घेतीया, नीट बघायला मिळावं म्हनून. तिला परत खोटंच दाखवू व्हय?"

मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण हा थोरपणा फार टिकला नाही. परतीच्या वाटेवर औंधाचा फाटा येईपर्यंतच त्यांच्या मनात तीन-चार कथा तयार झाल्या होत्या. एक: देवानं नवस फेडायला मिशी उतरवली. दुसरी: नवीन शिशामुळं देव तरुण दिसतो. तिसरी मला आवडली: काच उलटी बसलीय, मिशी रस्त्याच्या बाजूला आहे. "मामा, त्या रस्त्यावर जाऊन बघतील," मी म्हटलं. "मग म्हनायचं, ऊन लागून फिकी पडली," मामा म्हणाले. घरी पोचेपर्यंत त्यांनी हे सगळं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं, जसं काही मीच साक्षीदार.

आत्या यायच्या आदल्या दिवशी बाई स्वतः चौकट बसवायला आल्या आणि मुक्कामालाच राहिल्या. कामाचे पैसे आधीच मिळाले होते, तरी त्यांना जायचं नव्हतं. "चर्चमधल्या खिडक्या बसवल्या की लोक 'छान' म्हणतात आणि घरी जातात," त्या मला म्हणाल्या. "मला बघायचंय या बाईंचा चेहरा." मला त्या बाई तेव्हापासून आवडतात. माझ्यासारख्याच चोंबड्या आहेत.

सकाळी, ऊन दारावर यायला आणि नणंदेची गाडी अंगणात यायला एकच गाठ पडली. आत्या काळा चष्मा लावून उतरल्या. भाकरतुकडा ओवाळला, पाय धुतले. मामांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि ते सोप्याच्या खांबापाशी उभे होते, पाय जोडून, हात सरळ. आत्यांनी त्यांच्याकडे ओझरतं बघितलं आणि म्हणाल्या, "बारीक झालासा." मग त्या सोप्यात आल्या, दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या, भंडाऱ्याच्या वाटीतून चिमूट घेतली आणि दुसऱ्या हातानं काळा चष्मा काढला.

सगळा सोपा रंगला होता. डाळिंबी उजेड त्यांच्या पायावर, लुगड्याच्या निऱ्यांवर. त्यांनी आधी खाली बघितलं, पाऊल थोडं मागं घेतलं, रंग पायावरून सरकला, तशा गालातल्या गालात हसल्या. मग वर बघितलं. घोड्याच्या खुरापासून सुरुवात केली.

"घोडं धुतलंय व्हय," त्या म्हणाल्या. "केवढं पांढरं हाय गं ह्ये." मग, "कुत्र्याला जीभ हाय. मला कवा दिसलीच न्हाई." त्यांच्या आवाजात असं काही होतं की नणंदेनं डोळ्याला पदर लावला. बाईंनी शेंग फोडायची थांबवली. मामांचा सदरा पाठीवर ओला होत चालला होता.

आत्यांची नजर वर गेली. उंच काळे बूट. लाल कोट, पितळी बटणांचा. पांढरी कॉलर. हातात चाबूक. गोरा, गुळगुळीत, कोवळा चेहरा, डोक्याला घट्ट काळी टोपी. वर उचललेला भंडाऱ्याचा हात तिथंच थांबला.

"आवं," त्या म्हणाल्या. "ह्यो कोन?"

नवस, शिसं, उलटी काच, सगळं मामांच्या तोंडाशी तयार होतं. मला ते ओठ हलताना दिसत होते. पण समोरून आत्यांची ती नवी, लख्ख नजर त्यांच्यावर वळली, आणि मामांनी टाचा जुळवल्या.

"साहेब हाय. इंग्रज. पहिल्यापास्नं त्योच हाय. पेंटरनं मिशी लावली हुती."

"तुमाला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"कवापास्नं?"

"तू यायच्या आदीपास्नं. आन पाय मी फोडलं. गोफणीनं."

गोफणीचं कुणी विचारलं नव्हतं. ते त्यांनी फुकट दिलं.

आत्यांनी पुन्हा वर बघितलं, खुरापासून टोपीपर्यंत, पुन्हा टोपीपासून खुरापर्यंत. चेहऱ्यावर राग नव्हता, रडूही नव्हतं. बाजारात बैल घ्यायला गेलेल्या माणसासारखं त्या सगळं नीट तपासत होत्या. मग हातातला भंडारा त्यांनी उधळला. तो बरोबर घोड्याच्या मानेवर आणि कुत्र्यावर पडला, वरच्या माणसावर कणभरही नाही. मामांपेक्षा नेम चांगला होता त्यांचा. मामांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि तेवढ्यात आत्या काळा चष्मा परत डोळ्यांवर चढवत दुरुस्तीवाल्या बाईंकडे वळल्या.

"मग उतरवा की त्याला खाली," त्या म्हणाल्या, "घोडं दमलं आसंल."